पुढच्या दाराचा निकाल

१२ जून २०२५
वेस्ट फोर्क, ओहायो

जज ऑरिन टॅलफर्ड यांस,

नमस्कार लिहीत नाही. तुम्ही मोठे असाल, तुम्हाला जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली असतील, पण नमस्कार मी माणूस बघून करते आणि तुम्हाला मी रोज बघते.

मी अनसूया पाटणकर, मूळची मिरजेची, शिक्षण चौथी. तुमचं घर ज्याने विकत घेतलं त्या मोरेश्वरची आई. तुम्ही जिन्याशेजारी सोनेरी चौकटीत बसलेले असता आणि समोरच्या खुर्चीत मी भाजी निवडत असते, तेव्हा ओळख झाल्यात जमा आहे. तुम्हाला दाढी आहे आणि मिशी नाही. न्हाव्याला अर्ध्यात उठवून कोर्टात पळालात की काय, असं मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं.

पत्र तुम्हालाच का, तर मला पत्रं लिहायची सवय आहे आणि ज्यांना लिहायची ती सगळी वर गेली. आधी थोरला भाऊ, मग वन्सं, गेल्या संक्रांतीला धाकटी बहीण. जी जिवंत आहेत ती फोनवर ओरडून "जेवलात का" विचारतात आणि ठेवतात. म्हटलं, मेलेल्यांनाच लिहायचं तर घरातला मेलेला काय वाईट? तुम्हाला मराठी येत नाही, हे तर फारच बरं.

दुसरं कारण असं की या घरात एक विषय काढायची बंदी आहे. माझ्या नातीचा, आश्लेषाचा. झालं सगळं तुमच्या डोळ्यांदेखत, पण तुम्हाला कळलं नसेल म्हणून सांगते.

मे महिन्यात पोरगी दोन बॅगा घेऊन आली. लग्न होऊन दीड वर्ष. नवरा निहार, सांता क्लाराला असतो, पगार मोठा, केस पातळ. मारत नाही, पीत नाही. फक्त मनाविरुद्ध काही झालं की बोलणं बंद करतो. आठवडेच्या आठवडे. ती समोर ताट घेऊन बसलेली आणि हा मोबाइलमध्ये बघत जेवतोय. मला म्हणाली, "आजी, आय फेल्ट लाइक फर्निचर." तेवढं इंग्रजी मला कळतं.

मोरेश्वरने जेवणाच्या टेबलावर निकाल दिला. "न बोलणं हा काही गुन्हा नाही. परत जा, अॅडजस्ट कर. नाहीतर या घराचं दार तुला बंद." आणि उठून हात धुतले. पोरीने बॅगा उघडल्याही नव्हत्या, त्या तशाच उचलल्या. आता तिकडे कॅरी नावाच्या लांबच्या गावात औषधांच्या कंपनीत नोकरी धरलीय, मैत्रिणीबरोबर राहते.

त्या दिवसापासून हाही तिच्याशी बोलत नाही. जावयाने केलं तो गुन्हा नव्हता, हे पोरीला पटवायला बापाने तेच सुरू केलं. बुद्धी बघा.

मला एवढंच हवंय, की पोरगी या घरात आली पाहिजे आणि मान वर करून आली पाहिजे. यावर तुमचं मत विचारत नाही.

अनसूया पाटणकर


२९ जून

जजसाहेब,

तुमचं कौतुक ऐकून कान किटले.

मोरेश्वर नोव्हेंबरात इथे मेयरला उभा आहे. हा माणूस फ्रीमाँटला वीस वर्षं असल्या टाउनहाउसमध्ये राहिला, की शेजारी शिंकला तर आमच्या देवघरातलं निरांजन हलायचं. मग घरबसल्या काम करायची सोय झाली, तेव्हा ते खुराडं विकून त्याने हा तुमचा महाल घेतला आणि घराबरोबर तुम्हालाही घेतलं. रोज संध्याकाळी तुमच्यासमोर उभा राहून भाषण पाठ करतो. सून मृणालिनी मला मराठीत सांगते. आता तुमचा जन्म मला सख्ख्या दिरापेक्षा जास्त पाठ आहे.

तुम्ही व्हरमाँटहून चालत आलात. गरीब होतात. आधी शाळेत पोरं शिकवलीत, मग एका म्हाताऱ्या वकिलाचं ऑफिस झाडता झाडता त्याचे कायदे वाचलेत. कॅनॉल कंपनीचे वकील झालात, मग गावाचे मेयर, मग मरेपर्यंत जज. गरिबीतून वर आलात, चांगलं झालं. वर आल्यावर खालच्यांचं काय केलंत ते मी ऐकते आहे.

मेयर झाल्यावर पहिला हुकूम काढलात, की रस्त्यात फिरणारी डुकरं जप्त. तुमच्या डुकरांना परसात कुंपण होतं. ज्यांना परसच नव्हतं त्यांची गेली. मोरेश्वर म्हणतो, "व्हिजन, आई." मग पूल बांधलात आणि त्याच वर्षी तुरुंग. म्हणजे पुलावरून आले आणि आत गेले, कोणाला वाट चुकायला नको.

आणि ती घोड्याची गोष्ट. ती सांगताना मोरेश्वरचा गळा भरून येतो म्हणून नीट ऐकली. कॅनॉल खणणाऱ्या एका आयरिश मजुराला तुम्ही घोडा चोरला म्हणून तुरुंगात धाडलंत. पुढच्याच महिन्यात घोडा सापडला. नदीपलीकडच्या कुरणात चरत होता, आपला आपण गेलेला, आणि मग आपला आपण घरी आला. लोक तुमच्याकडे आले, म्हणाले, सोडा त्याला. तुम्ही म्हणालात, "कोर्टाने दिलेला शब्द कोर्ट परत घेत नाही." तेच वाक्य पितळेवर कोरून पुढच्या दाराशी ठोकलंय.

"याला म्हणतात प्रिन्सिपल," मोरेश्वर म्हणाला.

"आणि त्या माणसाचं काय झालं?"

"तो पॉइंट नाहीये, आई."

"त्याची बायको काय खात होती?"

"आई, प्लीज. मी प्रॅक्टिस करतोय."

मृणालिनी खाली बघून कोथिंबीर निवडत होती. निवडलेलीच परत निवडत होती.

जजसाहेब, घोड्याला तुमच्यापेक्षा अक्कल होती. चुकलं तिथून तो परत फिरला.

अनसूया


२० जुलै

ए टॅलफर्ड,

आजपासून अरे-तुरे. काल मिसेस ड्वायर येऊन गेल्या.

त्या आमच्या शेजारीण. माझ्याएवढ्याच म्हाताऱ्या, पण दुप्पट उंच, हातात काठी. गावाच्या जुन्या वस्तू सांभाळणारी सोसायटी आहे, त्यातल्या. आम्ही तुझ्या घराला काही करत तर नाही ना, हे बघायला येतात. खिडकीचा रंग बदलायचा नाही, पोर्चवर तुळस ठेवायची नाही, तुझं चित्र घरातून हलवायचं नाही. पुढचं दार तर अजून तुझंच, काळ्या अक्रोडाचं. ते जपायचं म्हणून कुलूप लावून ठेवलंय, किल्ली मोरेश्वरच्या खणात. आम्ही सगळे गराजमधून उंदरांसारखे आत-बाहेर करतो.

मी आल्याचा चहा केला. मिसेस ड्वायर चहा पिताना डोळे मिटतात, म्हणून मला आवडतात. मी मृणालिनीला म्हटलं, "विचार त्यांना, या बाबाला बायकोपोरं होती की नाही. भाषणात कोणीच येत नाही."

मिसेस ड्वायरनी तुझ्याकडे बघितलं, मग मागच्या दाराकडे. आणि हॅनाचं सांगितलं.

तुझी एकुलती एक मुलगी. चर्चच्या पायऱ्या घडवायला आलेल्या पाथरवटाशी तिने लग्न केलं. तू तिला त्या अक्रोडाच्या दारात उभं केलंस आणि सांगितलंस, की हे दार तुला बंद. गल्लीतल्या लोकांना ऐकू गेलं पाहिजे म्हणून मोठ्याने सांगितलंस. पुढे म्हातारपणी अंथरूण धरलंस. नोकर टिकेनात, तुझ्या तोंडामुळेच टिकत नसतील. तेव्हा हॅना यायला लागली. पुढचं दार बंद, म्हणून स्वयंपाकघराच्या दाराने यायची. सूप करायची, तुला भरवायची, तुझं सगळं करायची. दोन हिवाळे. तू सूप पीत होतास आणि तिच्याशी एक शब्द बोलला नाहीस. मेलास तोही न बोलता.

आणि गावात हे तुझ्या मोठेपणाचं म्हणून सांगतात. जजने मुलीसाठीसुद्धा निकाल फिरवला नाही.

मृणालिनी एकेक वाक्य मराठीत करत होती. 'सूप पीत होतास' इथवर आली आणि थांबली. मिसेस ड्वायर पुढे बोलत राहिल्या, हिचं मराठी येईना. मी म्हटलं, "राहू दे, कळलं मला."

मृणालिनी कधी बोलत नाही, हे तुला सांगायचं राहिलं. मुलगी बॅगा उचलत होती तेव्हाही ही सिंकशी उभी राहून एकच पातेलं घासत होती. मला तिचा राग आहे. नवऱ्याला घाबरायचं तर नवरा तरी घाबरण्यासारखा हवा. मोरेश्वर झुरळ बघून खुर्चीवर चढतो.

टॅलफर्ड, कॅनॉलवरच्या माणसाच्या वेळी तुला निदान कोर्टाची ढाल होती. मुलीच्या वेळी कुठलं कोर्ट? सूप गिळताना घसा चालत होता ना तुझा?

अनसूया


९ ऑगस्ट

टॅलफर्ड,

आज नारळी पौर्णिमा. नारळीभात केला, आणि तुझ्या भक्ताने त्यात साखर जास्त म्हणून तोंड वाकडं केलं.

त्याची पत्रकं छापून आली. वर तुझा फोटो, खाली याचा, मधे लिहिलंय, 'दिलेला शब्द पाळणारा माणूस'. मागच्या बाजूला कुटुंबाचा फोटो म्हणून आश्लेषाच्या लग्नातला फोटो. मोरेश्वर, मृणालिनी, मधे आश्लेषा आणि तो निहार, सगळे दात काढून. पोरीला घरात घेत नाही आणि पत्रकावर घरोघर वाटतो.

मी विचारलं, "ही कोण?"

"आई, फॅमिली फोटो लागतो. इथली पद्धत आहे."

"फॅमिली लागत नाही, फोटो लागतो. बरंय."

तो उठून वर गेला. वरची आश्लेषाची खोली आता त्याचं इलेक्शनचं ऑफिस झालीय. तिच्या पलंगावर त्याच्या नावाच्या पाट्यांचा ढीग आहे.

आता मुद्द्याचं. महिनाअखेरीला आमच्याकडे गौरी येतात. तुला काय कळणार, तरी सांगते. गौर म्हणजे देवाघरची माहेरवाशीण. भाद्रपदात तीन दिवस माहेरी येते. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी. आमच्याकडे पितळी मुखवटे आहेत, माझ्या सासूच्या सासूचे. घरातल्या दोन बायका ते मुखवटे हातात घेऊन बाहेरून आत आणतात, उंबऱ्याशी त्यांच्या पायांवर दूधपाणी घालतात, ओवाळतात. आमच्या घरची रीत अशी, की आतून घरधन्याने विचारायचं, "कोण आलंय?" बाहेरून उत्तर द्यायचं, "गौर आली." मग तिला घरभर फिरवायचं. प्रत्येक दाराशी ती विचारते, "इथे काय आहे?" आणि घरधनी सांगतो, इथे दूधदुभतं, इथे धान्य. माझी सासू हे सगळं लष्करातल्यासारखं करून घ्यायची.

फ्रीमाँटला या शहाण्यांनी काय केलं होतं माहीत आहे? पुढच्या दाराशी अॅमेझॉनचे खोके असायचे म्हणून गौर गराजमधून आणायचे. एकीकडे गाडी, एकीकडे कपड्यांचं मशीन, आणि मधून देवी, "कोण आलंय?" करत. मी दरवर्षी बोलले. दरवर्षी "आई, तेच आहे ना" झालं. गौर बिचारी काय बोलणार, पितळेची.

यंदा मात्र मोरेश्वर स्वतः म्हणाला, "आई, यावेळी पुढचं दार उघडू या. कौन्सिलची माणसं बोलवतो, पेपरवाले येतील. आपलं कल्चर दिसेल लोकांना." गौरीसाठी नाही, पेपरसाठी. असू दे. दार उघडतंय ना.

मृणालिनी म्हणाली, "ज्येष्ठा मी घेईन. कनिष्ठा दरवर्षी दीपा घेते, पण ती यंदा नागपूरला गेलीय. कोणाला सांगायचं?" दीपा तिची मैत्रीण.

"ते बायकांचं तुम्ही बघा," मोरेश्वर म्हणाला. फोनमध्ये बघत होता. "कोणीही चालेल मला."

कोणीही चालेल. तू ऐकलंस, टॅलफर्ड, तुझ्यासमोर बोललाय तो. शब्द परत घ्यायचा नसतो म्हणे.

अनसूया


२४ ऑगस्ट

टॅलफर्ड,

फोन मृणालिनीने करायचा असं मी ठरवलं. मला करता आला असता. पण आईचं तोंड कधीतरी उघडलं पाहिजे.

पहिल्या खेपेला काय म्हणाली असेल? म्हणाली, "आशू, बाबांची बुधवारी कौन्सिलची मीटिंग असते, तेव्हा ये ना. मागच्या दाराने. मी जेवायला करून ठेवते." मी शेजारी बसून ऐकलं आणि कपाळाला हात लावला. अख्खी हॅनाची गोष्ट हिने स्वतःच्या तोंडाने मला मराठीत सांगितली आणि पोरीला तेच दार दाखवलं. काही माणसांना गोष्ट कळते, आपली आहे हे कळत नाही.

आश्लेषा म्हणाली, "नो, मम्मा. मी चोरासारखी येणार नाही. माझंच घर आहे ते. किंवा नाहीये. तुम्ही ठरवा."

शाबास. मी फोन घेतला. म्हटलं, "तुला जेवायला कोण बोलावतंय? काम आहे. कनिष्ठा गौर उचलायची आहे. पुढच्या दाराने, दिवसाढवळ्या, गावासमोर. साडी तुझी तू नेसायची, मला आता वाकता येत नाही."

मग म्हणाली, "आजी, बट आय लेफ्ट हिम. मला चालतं का? लोक म्हणतील..."

तिच्या आईच्या डोळ्यांतही हेच होतं. सवाष्णीनेच आणायची, नवरा सोडून आलेली कशी चालेल? मोरेश्वर तर नक्की म्हणेल. एरवी त्याला एकादशी कधी ते माहीत नसतं, पण अडवायला शास्त्र बरोबर आठवतं.

मी म्हटलं, "अगं, गौर स्वतः काय करते? शंकराला मागे ठेवून एकटी माहेरी येते. तिला कोणी दारात विचारतं का, नवऱ्याला सांगून आलीस का म्हणून? तू चालतेस. मी सांगते म्हणून चालतेस. तुझ्या खापरपणजीचे मुखवटे आहेत, बापाच्या कंपनीचे नाहीत."

"बाबा सगळ्यांसमोर नाही म्हणाले तर?"

"तर गौर दाराबाहेर राहील," म्हटलं. "आणि मीही तिच्याबरोबर बाहेर येईन. मग बसू दोघी मिसेस ड्वायरकडे. त्यांना चहा आवडतो."

हे मी बोलायला बोलले नाही. बॅग भरून खुर्चीखाली ठेवलीय. तुझ्या दाराचा दुसरा निकाल मी आतून ऐकणार नाही.

ती म्हणाली, "येते." गाडी चालवत येणार, शनिवारी. त्या रात्री मिसेस ड्वायरकडेच उतरेल. त्यांना मृणालिनीने सगळं सांगितलं. स्वतःहून. इंग्रजीत अर्धा तास बोलत होती. मला सगळं कळलं नाही, पण मधे एकदा तिने टेबलावर हात आपटला.

अनसूया


२ सप्टेंबर

टॅलफर्ड,

तू सगळं बघितलंस, पण तुझी नजर चौकटीपुरती, म्हणून लिहून ठेवते.

रविवारी दुपारी तुझ्या अंगणात खुर्च्या मांडल्या. कौन्सिलची माणसं, त्यांच्या बायका, कॅमेरा घेतलेला पेपरवाला. मोरेश्वरने किल्ली काढली. दार अडलं होतं, तीन माणसांनी खांदा लावला. इतकी वर्षं बंद ठेवून ठेवून तुझं प्रिन्सिपल फुगलं होतं. उघडल्यावर आतपर्यंत ऊन आलं आणि तुझ्या चौकटीवरची धूळ दिसली. मी मुद्दाम पुसली नव्हती.

मी विधवा, म्हणून मी आत, तुझ्याखाली सरकवून घेतलेल्या खुर्चीत. मोरेश्वर रेशमी सोवळं नेसून दारात, हातात निरांजनाचं तबक. गराजजवळ ठेवलेल्या तुळशीपासून दोघी निघाल्या. पुढे मृणालिनी, मागे कनिष्ठा घेऊन ती. मुखवट्यावर पदर धरलेला, त्यामुळे पोर्चच्या पायऱ्या चढेपर्यंत त्याला मागची कोण ते दिसलं नाही.

दिसलं तेव्हा त्याने तबक छातीशी ओढलं. निरांजन विझतंय असं वाटलं, पण विझलं नाही.

तो बोलेना. लोकांना वाटलं ही रीतच असेल, सगळे अदबीने उभे. पेपरवाल्याने फोटो काढले. मृणालिनी पायरीवर उभी होती. नवऱ्याकडे बघत होती. खाली नाही, सरळ. असं तिला बघताना मी प्रथमच बघितलं.

मी खुर्चीखालची बॅग पुढे ओढली. त्याला ऐकू गेलं. वळून बघितलं त्याने. बॅग बघितली, मला बघितलं, माझ्या डोक्यावर तुला बघितलं.

"विचार," मी म्हटलं. "गौर उन्हात उभी आहे."

त्याने विचारलं. "कोण आलंय?"

"ज्येष्ठा गौर आली," मृणालिनी म्हणाली आणि आत आली.

"कोण आलंय?"

आश्लेषाचं मराठी अमेरिकन आहे, ळ नीट म्हणता येत नाही, पण आवाज खणखणीत. "कनिष्ठा गौर आली."

"कशाच्या पावलांनी?"

"हळदीकुंकवाच्या पावलांनी."

पायांवर दूधपाणी घालायचं काम घरात राहिलेल्या माणसाचं. मला वाकता येत नाही, उरला तोच. वाकला. पोरीच्या पायांवर पाणी घातलं. जास्तच घातलं, तुझ्या जमिनीवर ओघळ गेला. सोसायटीला सांगायचं असेल तर सांग.

मी याला बोलणं धरलं नाही. माणसांसमोर होतं, पंचांग वाचावं तसं होतं. मतं जातील म्हणूनही विचारलं असेल. तुझ्याच शाळेतला आहे, मी एवढ्यावर भुलणारी नाही.

मग घर दाखवायला निघाले. स्वयंपाकघराशी कनिष्ठेने विचारलं, "इथे काय आहे?" तो म्हणाला, "दूधदुभतं." तुझ्या पुस्तकांच्या खोलीशी, "इथे काय आहे?" "विद्या." तुझी पुस्तकं, म्हणे विद्या. पाहुणे खाली पन्हं पीत बसले. वर गेली ती घरचीच चौघं, मी कठडा धरून सगळ्यांच्या मागून. मला बघायचंच होतं.

तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मृणालिनी पुढे गेली. आश्लेषा थांबली. दार पायाने थोडं ढकललं. पलंगावर पाट्यांचा ढीग, भिंतीला तुझा मोठा फोटो, खाली पत्रकांचे गठ्ठे, प्रत्येकावर तिचं लग्न.

"इथे काय आहे?"

धान्य म्हणायचं. धन म्हणायचं. लहानपणापासून ऐकलंय त्याने, झोपेतही म्हणेल. इथे ना कौन्सिल होती ना कॅमेरा. निरांजन एकीकडे कलंडलं, तूप मनगटावर सांडलं, तरी त्याला कळलं नाही.

मग म्हणाला, "तुझी खोली."

आश्लेषाने पलंगावरच्या पाट्यांकडे बघितलं.

"सामान आहे थोडं माझं," तो म्हणाला. "उद्या काढतो."

"आज काढा, बाबा. मला झोपायचंय इथे."

"बरं."

हे मी बोलणं धरते. नाकातून पाणी यायला लागलं त्याच्या. सोवळ्याचा शेला नाकाला लावला, रेशमाचं वाटोळं केलं. आश्लेषाही रडली असती, पण हातात मुखवटा होता आणि मी डोळे वटारले. गौर पडली असती.

खाली भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवला. जेवताना तो तिला म्हणाला, "भाकरी गार झाली असेल, दुसरी घे." निहारचं काय, पुढे काय, एक अक्षर विचारलं नाही. विचारेल. भांडतीलही. भांडू देत. भांडायला बोलावं लागतं.

काल गौरी जेवल्या. इथे सगळीकडे सुट्टी होती, पार्कमध्ये त्याचं भाषण ठेवलं होतं. टेबलावर बसून तो त्यातलं घोड्याचं पान खोडत होता. मी पुरण वाटत होते. म्हणाला, "आई, त्या आयरिश माणसाचं काय झालं हे कोणालाच माहीत नाही गं. मी मिसेस ड्वायरना विचारलं. नाव पण नाही."

मी म्हटलं, "आता विचारतोस?"

पत्रकं लग्नाच्या फोटोशिवाय परत छापावी लागतील. निवडून येईल की नाही देव जाणे. घोडं काढल्यावर भाषणात पूल आणि डुकरं उरली आहेत.

आज गौरी गेल्या. आश्लेषा रविवारपर्यंत आहे, मग कॅरीला नोकरीवर. पुढच्या महिन्यात येईन म्हणाली. पुढच्या दाराच्या किल्लीची एक प्रत मोरेश्वरने दुकानातून करून आणली आणि टेबलावर तिच्या ताटाशी ठेवली. हातात दिली नाही. तेवढं अजून जमत नाही त्याला.

आता तुझं. तुझं चित्र सोसायटीच्या मालकीचं, घराबाहेर न्यायचं नाही असा नियम. घरात कुठे टांगायचं ते लिहिलेलं नाही. मी मृणालिनीकरवी मिसेस ड्वायरना विचारलं, त्यांनी नियम दोनदा वाचला आणि काठीने जागा दाखवली. खिळा मृणालिनीने ठोकला.

तेव्हा आजपासून तू स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी. शेजारी केरसुणी आहे, खाली कचऱ्याची पिशवी. हॅना याच दाराने यायची. आता येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तू बघत बस. बोलायचं नाही, ते तर तुला येतंच.

अनसूया